क्रिसोफोरोची बादली

सान बार्तोलोच्या चौकात, पावसाळ्यात रोज सकाळी, चर्चच्या भिंतीला लागून एक खुर्ची मांडली जाते. खुर्चीच्या उजव्या हाताला निळी प्लास्टिकची बादली, डाव्या हाताला लसणाचा गड्डा, आणि मध्ये क्रिसोफोरो त्लापाले. मालिन्त्सी डोंगरावरच्या जंगलातून वेचून आणलेली अळंबी खायची की फेकायची, हे तो सांगतो. याला तो धंदा म्हणत नाही. देवाची देणगी म्हणतो, आणि तो शब्द उच्चारताना टोपी जराशी उचलतो, जणू देणगी आत बसली आहे आणि तिला वारा लागायला हवा.

गेली कित्येक वर्षं तो डोंगर चढलेला नाही. शेवटचा चढला तो एका हरवलेल्या गाढवामागे, आणि गाढव त्याच्या आधी घरी आलं.

ज्या गावातल्या बायका अंधारात टोपल्या घेऊन जंगलात जातात आणि उन्हं वर यायच्या आत भरून आणतात, त्या गावाला असा माणूस लागावा कशाला, हा प्रश्न रास्त आहे. मोठ्या अळंब्यांसाठी तो कुणालाच लागत नाही. भोपळफूल म्हणतात ती केशरी अळंबी इथलं शेंबडं पोरही ओळखतं. पण सान बार्तोलोत अशी समजूत आहे की देवाने प्रत्येक चांगल्या अळंबीला एक वेडा भाऊ दिला. भोपळफुलाचा वेडा भाऊ लाल, अंगावर पांढरे ठिपके, लांबूनच कळतो. घोळ आहे तो बारक्यांचा. खिळे म्हणतात त्या तपकिरी, बोटाच्या पेरापेक्षा लहान, झुबक्याने उगवणाऱ्या अळंब्या आणि त्यांचे वेडे भाऊ टोपलीत शेजारी पडले तर एकाच आईची लेकरं वाटतात. चांगल्या खिळ्यांचं सूप सणाला करतात. वेड्या खिळ्यांनी या गावात घरंच्या घरं रिकामी केली आहेत. लोक घाबरतात. घाबरलेल्या लोकांना कुणीतरी खुर्चीत बसलेला हवा असतो.

क्रिसोफोरो त्या खुर्चीत बसला तो एका गोष्टीच्या जोरावर. लहानपणी त्याच्या घरी वेडे खिळे शिजले. आई, बाप, दोन्ही काका आणि आजी गेली. हा एकटा वाचला. पहिला घास जिभेवर पडताच जीभ चुरचुरली, त्याने तो थुंकला, बाकीच्यांना ओरडून सांगितलं, पण तोवर ते ताटावरच कोसळले होते, असं तो सांगतो. दर वर्षी गोष्टीत काहीतरी वाढतं. अलीकडे तीत एक घुबडही आलं आहे.

त्याची परीक्षा बघण्यासारखी असते. खिळा हातात घ्यायचा, सूर्याकडे धरायचा, डोळे मिटून हुंगायचा, मग लसणाची पाकळी दांड्यावर घासायची. पाकळी काळी पडली तर खिळा वेडा. पाकळी बहुतेकदा काळी पडते, कारण क्रिसोफोरोची बोटं काळी असतात. मग तो मान हलवतो, ‘वेडे’ म्हणतो, आणि अख्खा झुबका बादलीत जातो. बादलीतला माल संध्याकाळी घरामागच्या खड्ड्यात चुना टाकून पुरला जातो, असं गावाला माहीत होतं. माहीत होतं म्हणजे त्याने सांगितलं होतं.

त्याचा एक नियम होता. अळंबी धुऊन, बुडखा कापून आणायची.

“मातीचे लोळे माझ्या मांडीवर नकोत,” तो म्हणायचा. “देणगीला स्वच्छता लागते.”

जुन्या बायका खिळा मुळासकट उपटायच्या, माती लागलेली तशीच ठेवायच्या. कारण खिळा ओळखायचा तो खालून. चांगला खिळा मातीतून येतो, वेडा कुजक्या लाकडातून. वेड्याच्या दांड्यावर एक बारीक बांगडी असते, ती पाण्याचा हात लागताच गळते. म्हणजे ज्या दोन गोष्टींवरून काही कळलं असतं, त्या दोन्ही क्रिसोफोरोने आधी ओढ्यात धुवायला लावल्या आणि मग तो सूर्याकडे धरून बघत बसला. गावाने हे मानलं. नव्या सुना तर बुडखे इतके सफाईने कापू लागल्या की त्यावरून त्यांचं कौतुक होऊ लागलं.

धुतलेला, कापलेला माल त्याला का हवा, याचं उत्तर पेर्फेक्ताच्या टोपलीत होतं. पेर्फेक्ता ही त्याची बायको. तिचे गुडघे असे की चर्चच्या पायऱ्या चढताना ती दोनदा थांबते. तरी दर शनिवारी पहिल्या बसने ती शहराच्या बाजारात जायची ती पांढऱ्या फडक्याखाली खिळ्यांची भरलेली टोपली घेऊन. शहरातल्या बायकांना माती आवडत नाही. त्यांना तिच्या स्वच्छ खिळ्यांचं फार अप्रूप होतं. गावातून जाणारी ती टोपली सगळ्यांनी पाहिली होती. न चढणाऱ्या बाईकडे डोंगरावरचा माल कुठून येतो, हा विचार करण्याची तसदी कुणी घेतली नाही.

एकीने घेतली होती. तोमासा क्वात्लापान्त्सी, गावातली सगळ्यात जुनी वेचणारी. ती खुर्चीसमोरून जाताना नेमकी तिथे थुंकायची आणि पुढे जायची. तिला टोपलीचं कळलं होतं, पण ती कुणाला बोलली नाही. चांगला माल वेडा म्हणून टाकून येणाऱ्या मूर्खांना कुणी लुबाडत असेल तर लुबाडू दे, असा तिचा हिशेब होता. इतकी वर्षं शहरात कुणी मेलं नाही याचं श्रेयही क्रिसोफोरोचं नव्हतं. बायका मुळात चांगलेच खिळे आणायच्या, म्हणून शहर जगलं.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला आणि लवकर गेला. जंगलात खिळे दिसेनात. आणि सान बार्तोलोचा सण तोंडावर आलेला. सणाचं यजमानपद त्या साली माक्लोव्हियाच्या घराकडे होतं. यजमानाने अख्ख्या गावाला जेवू घालायचं, त्यात खिळ्यांचं सूप हवंच, आणि सुपाचा पहिला वाडगा क्रिसोफोरोने सगळ्यांदेखत संपवायचा. त्याने संपवला की गाव जेवायला बसतं. हा मान त्याच्यासाठी नवा काढलेला होता, पण दोन-तीन सणांत तो जुना वाटू लागला होता.

माक्लोव्हियाच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा क्रिसोफोरो धर्मपिता होता, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणायचा आणि ती त्याला कोम्पाद्रे.

“सूप नसलं तर माझ्या नवऱ्याला पुढच्या वर्षी तोंड दाखवायला जागा राहणार नाही,” तिने त्याला दळणाच्या गिरणीवर गाठून सांगितलं. “बायका म्हणतात जंगलात काहीच नाही.”

“जंगल ज्याला द्यायचं त्याला देतं, कोमाद्रे. तू मोठे हंडे काढून ठेव.”

“नक्की ना?”

“मी बोललो म्हणजे खिळे आले असं समज.”

त्यानंतर सणापर्यंत चौकात एकही चांगला खिळा निघाला नाही. जे येईल ते वेडं. बायका आधीच थोडंफार घेऊन यायच्या आणि रिकाम्या हाताने परत जायच्या. एकीने विचारलं, “काका, यंदा सगळेच वेडे कसे झाले?” तर क्रिसोफोरो गंभीरपणे म्हणाला, “पाऊस कमी पडला की डोकं फिरतं त्यांचं.” हे त्या बाईने घरी जाऊन सांगितलं, आणि घरच्यांनी माना डोलावल्या.

सणाच्या दिवशी सकाळी खुर्चीसमोर न्येवेस उभी राहिली. तोमासाची सून. खालच्या सपाट मुलखातली, मक्याच्या शेतात वाढलेली, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच एकटी जंगलात गेलेली. तिला खिळ्यांचा केवढा तरी झुबका सापडला होता. तो आधी सासूला दाखवला असता तर टोमणे ऐकावे लागले असते, म्हणून तिने तो गावाच्या रीतीप्रमाणे ओढ्यावर धुतला, कापला आणि इथे आणला.

क्रिसोफोरोने एक उचलला. सूर्याकडे धरला, हुंगला, लसूण घासला.

“वेडे.”

“सगळे?” न्येवेसने विचारलं. “एकदा नीट बघा ना, काका.”

“मुली, आईबाप ताटावर मेलेत माझे. मी नीटच बघतो.”

झुबका बादलीत पडला. चर्चची पहिली घंटा झाली तेव्हा पेर्फेक्ता आली, तिने बादलीवर फडकं टाकलं आणि ती माक्लोव्हियाच्या घराकडे निघाली. आदल्या दिवसांचा माल तिथे आधीच पोचला होता.

घरी तोमासा मका सोलत बसली होती. सुनेचं तोंड बघून तिने विचारलं, “काय झालं? साप दिसला?”

“खिळे मिळाले होते. त्यांनी टाकले.”

“टाकले म्हणजे त्याने ठेवले. कुठे मिळाले होते?”

“वरच्या ओहोळापाशी. पाइनच्या पडलेल्या ओंडक्यावर.”

तोमासाचा हात थांबला. “ओंडक्यावर की ओंडक्याशेजारी?”

“वर. लाकडातूनच निघाले होते. उपटताना लाकडाचा भुगा आला हातात.”

“टोपीच्या खालचे पडदे कसल्या रंगाचे?”

“गंजलेल्या पत्र्यासारखे.”

“आणि दांड्याला बांगडी?”

“होती काहीतरी बारीक. धुताना गेली.” न्येवेस घाबरली. “का, आत्या? चांगले नव्हते का?”

“त्याने काय सांगितलं?”

“वेडे म्हणाले.”

“बरोबर म्हणाला,” तोमासा म्हणाली. “जन्मात पहिल्यांदा. चुकून.” मग तिला माक्लोव्हियाचे मोठे हंडे आठवले, कोम्पाद्रे खिळे आणणार म्हणून ती गिरणीवर सगळ्यांना सांगत होती तेही आठवलं. तिने मक्याचं कणीस टाकलं, शाल ओढली आणि सुनेला म्हणाली, “चल. तू पण चल.”

माक्लोव्हियाच्या अंगणात तीन हंडे चुलीवर होते. पेर्फेक्ता कडेच्या हंड्यात एपासोतेचा पाला चुरून टाकत होती. वासाने अंगण भरलं होतं, आणि वास उत्तम होता. चांगला खिळा काय, वेडा काय, मिरची आणि पाला पडल्यावर वासात फरक राहत नाही.

“हे खिळे कधी पडले आत?” तोमासाने विचारलं.

“आधी या मावशी, बसा,” माक्लोव्हिया म्हणाली. “सगळे मिसळून टाकले. कालचे, परवाचे, आजचे. कोम्पाद्रेंनी शब्द पाळला.”

तोमासाने पळी घातली, एक खिळा वर काढला, बोटाने टोपी फाडली, खालचे पडदे बघितले. मग दुसरा. मग तिसरा. बायका तिच्याभोवती जमल्या.

“काय ते सांगा ना मावशी.”

“काय सांगू? शिजल्यावर सगळे एका रंगाचे. आता मलाही कळायचं नाही.” तिने पळी आपटून ठेवली. “बुडखे कुठे आहेत?”

“बुडखे तर कापून आणतात सगळ्या.”

“का कापतात?”

उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

मिरवणूक आली. पुढे बँड, मागे संताची मूर्ती, तिच्यामागे माक्लोव्हियाचा नवरा नव्या सदऱ्यात, आणि त्याच्या शेजारी इस्त्रीची विजार घालून क्रिसोफोरो. त्याच्यासाठी टेबल लावलं होतं. वाडगा ठेवला होता. तो बसला आणि त्याने टोपी काढली.

“वाढा त्याला,” तोमासा म्हणाली. “मान त्याचा आहे. फक्त एक सांग, क्रिसोफोरो. सकाळी माझ्या सुनेने दाखवले ते खिळे कसे होते?”

त्याला वाटलं ती कौतुक करायला आली आहे. त्याने आवाज चढवला. “वेडे. साफ वेडे. हातात घेताच कळलं मला.”

“आणि ते कुठे गेले?”

“पुरले. चुना टाकून.”

“मिरवणुकीच्या आधी खड्डा खणलास?”

“खणला.”

“मग ही बादली काय जेवायला आली आहे?”

निळी बादली चुलीपाशी, लाकडांच्या मोळीला टेकून होती. तिच्या तळाला ओल्या अळंबीचे तुकडे चिकटले होते. अंगणात जेवढ्या बायका होत्या तेवढ्या तिला ओळखत होत्या. प्रत्येकीने तिच्यात आपला माल पडताना पाहिला होता.

“माझे परवाचे वेडे म्हणाला होतास,” एक म्हणाली.

“माझे कालचे.”

“माझे तर सगळा आठवडा वेडे निघतायत.”

क्रिसोफोरोला प्रकरण कळायला वेळ लागला नाही. इतकी बुद्धी त्याला होती. हंड्यातले खिळे चांगले म्हणावेत तर त्याने चौकात रोज खोटं सांगितलं. वेडे म्हणावेत तर तो गावाला विष वाढायला आला. एरवी त्याने यातलं सोयीचं उचललं असतं. पण त्याच्यासमोर वाडगा होता, आणि हंड्यात खरोखर काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. कधीच नव्हतं.

“सगळेच काही वेडे नव्हते,” तो म्हणाला.

“कुठले नव्हते?”

“ते असं सांगता येत नाही. शिजल्यावर...”

मागून कुणीतरी बाप्या म्हणाला, “वाद कशाला? खाऊ दे त्याला. काही झालं नाही तर आपण बसू.”

“काय बघणार तू?” तोमासा त्याच्याकडे वळली. “वेडा खिळा त्या दिवशी पोट धरत नाही. हा आज जेवेल, नाचेल, झोपेल. उद्या सकाळी धरेल. परवा जरा बरं वाटेल, आणि मग पिवळा पडून जाईल. तोवर तुम्ही सगळे दोन-दोन वाडगे प्यायलेले असाल.”

“असं नाही,” क्रिसोफोरो म्हणाला. “लगेच धरतो. माझ्या घरी ताटावरच...”

“तुझ्या घरी दुसऱ्या दिवशी धरलं. मी होते तिथे, तुझ्या आईचं तोंड पुसत. तू नव्हतास. सरपण आणायला सांगितलं म्हणून रुसून धर्ममातेकडे गेला होतास, आणि तिच्याकडे काळा घेवडा खाऊन झोपलास. म्हणून वाचलास.”

यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. पोरगं रुसलं, वाचलं. पण ‘रुसलो म्हणून वाचलो’ एवढ्यावर चौकात खुर्ची टाकता येत नाही, आणि म्हणून बिचाऱ्या जिभेला आयुष्यभर चुरचुरावं लागलं.

बँडवाल्यांना काही समजलं नव्हतं, ते मागे पुल्के पीत उभे होते. माक्लोव्हियाचा नवरा नव्या सदऱ्याची बटणं चाचपत होता. सगळ्यांचं लक्ष वाडग्याकडे.

क्रिसोफोरोने वाडगा उचलला. ओठांपर्यंत नेला. मग खाली आणला आणि चुलीकडे वळून, रोजच्या आवाजात म्हणाला, “पेर्फेक्ता, मीठ बघ गं जरा. आधी तू घे.”

या माणसाबद्दल जे काही सांगायचं आहे, ते त्या वाक्यात आलं.

पेर्फेक्ता लंगडत आली. तिने वाडगा हातात घेतला, त्यात बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. ती काही निष्पाप नव्हती. इतक्या शनिवारी टोपली तीच घेऊन गेली होती आणि तेव्हा तिने कुणाच्या पोटाचा विचार केला नव्हता.

“तुझी जीभ सांगते ना?” ती म्हणाली. “तिला विचार.”

तिने वाडगा जमिनीवर पालथा केला. एक कुत्रं पुढे आलं, त्याला कुणीतरी कान धरून मागे ओढलं.

हंडे पुरुषांनी उचलले, घरामागे खड्डा खणला आणि चुना टाकून सगळं पुरलं. त्या गावात चुना टाकून अळंबी पुरल्याची तेवढीच एक खात्रीची नोंद. गावाने सणाला टॉर्टिया आणि घेवडा खाल्ला. माक्लोव्हिया आत जाऊन रडली, मग तोंड धुऊन वाढायला आली. शहरात किंवा गावात कुणी मेलं नाही. हंड्यात न्येवेसचा झुबका होता, हे नक्की. बाकीचं सूप चांगलं होतं, म्हणजे यजमानाच्या घरची इज्जत एका झुबक्याने आणि एका खुर्चीने घालवली.

पुढच्या पावसाळ्यात वाटलं होतं खुर्ची दिसणार नाही. ती दिसली. गावातल्या बायका आता खिळे मातीसकट आणतात आणि चौकातून न थांबता जातात. न्येवेस जाताना बुडख्याची माती मुद्दाम खुर्चीजवळ झटकते. पण रविवारी शहरातून मोटारी येतात. नवे बूट, नव्या सुऱ्या आणि स्वच्छ कापलेल्या अळंब्या घेऊन लोक रांगेत उभे राहतात. क्रिसोफोरो खिळा सूर्याकडे धरतो, लसूण घासतो, आणि मग गोष्ट सांगतो. आईबापांची, घुबडाची. आता तिला दुसरा भागही आहे. एका सणाला सगळं गाव विषारी सूप पिणार होतं. त्याने वाडगा ओठांपर्यंत नेला, आणि जीभ चुरचुरली.

“आणि सगळे वाचले?” एका बाईने विचारलं.

“सगळे,” क्रिसोफोरोने टोपी उचलली. “एकाही माणसाने थँक्यू म्हटलं नाही.”

रांगेतलं कुणी कधी विचारतं, तुम्ही स्वतः कुठली अळंबी खाता. तो म्हणतो, देणगी असलेल्याने खायची नसते. दुपारी तो खुर्ची आणि बादली उचलून घरी जातो. पेर्फेक्ता त्याला घेवडा वाढते. रोज. तो मुकाट्याने खातो.